ज्वारीच्या कोठीतल्या काचा

॥ ॐ नमः शिवाय ॥

शिवाजी पेठ, कोल्हापूर
२ जुलै, मंगळवार

चि. सौंदर्या,

तुझ्या नावाचं पार्सल काल आलं. पातळ काचांचा एक खोका, चिकट डिंकाच्या दोन ट्यूबा आणि 'खाऊ नये' असं लिहिलेल्या पांढऱ्या खड्यांच्या सहा पुड्या. देणे रुपये अठराशे चाळीस. पार्सलवाला दारात निथळत उभा होता. "घेताय का परत न्हेऊ? लवकर सांगा की मावशी, अजून सानेगुरुजी वसाहतीत जायचंय." श्रावणातल्या रुद्राभिषेकासाठी बाजूला ठेवले होते त्यातले दिले. देव थांबतो, पार्सलवाला थांबत नाही.

हे तू जायच्या आधी मागवलेलं असणार. आप्पांच्या फोनवरून तुला लावलं तर लागत नाही, आणि घरात फोन तेवढा एकच. म्हणून हे पत्र तुझ्या बेंगळूरच्या लॅबच्या पत्त्यावर पाठवते. तुझ्या वहीच्या पुठ्ठ्यावरून पत्ता उतरवून घेतलाय. इंग्रजी अक्षरं मी दोनदा पडताळली आहेत.

आधी मुद्द्याचं. तुझ्या काचा शाबूत आहेत. आप्पांनी टाकल्या त्या कोऱ्या, अजून उजेड न दाखवलेल्या. पावडरीची बरणी आणि ते नारिंगी पाणी गटारीत गेलं ते तू डोळ्यांनी बघितलंस, आणि सगळंच गेलं असं समजून निघालीस. पण झालेल्या काचांचा खोका मी आधीच उचलला होता. तू बॅग भरत होतीस, ते बरणी ओतत होते, आणि मी मागच्या खोलीत ज्वारीच्या कोठीत खोका खुपसत होते. तुम्हा दोघांनाही तेव्हा काही दिसत नव्हतं.

आप्पांचं म्हणशील तर त्यांनाही कुणी सांगितलं ते बघ. दुकानात विभूती घ्यायला आलेलं गिऱ्हाईक. "अण्णासो, तुमची पोरगी काचंवर ओतती ती जिलेटिन, ती हाडं उकळून काढत्यात, ठाऊक हाय न्हवं?" चारचौघांत. आपण लिंगायत, घरात अंडंसुद्धा आणत नाही, आणि ते देवघरातून उठून आलेले. 'देवघराच्या भिंतीला लागून हाडं शिजवतीस व्हय ग?' असं ते ओरडले ते ओरडले. पण तूही लगेच, 'आप्पा, पित्ताची कॅप्सूल गिळताय न्हवं रोज? तिचं टरफल कशाचं असतंय?' खरं बोललीस. पण खरं बोलायची ती वेळ नव्हती. त्या दिवसापासून त्यांनी कॅप्सूल सोडलीय. जेवण झालं की छातीवर हात ठेवून बसतात, आणि मी विचारलं की म्हणतात, काय न्हाय. दोष देत नाही, माहितीसाठी लिहिलं.

काचा अकरा आहेत. शेजारच्या बयाबाईच्या मोबाईलची बॅटरी लावून बघितल्या. नऊ हिरव्यागार चमकतात, पोपटाच्या पंखासारख्या. कडेच्या दोन तांबूस दिसतात. त्या आधीपासून तशाच होत्या का? तेवढं कळव.

तुझी
अव्वा

---

११ जुलै, गुरुवार

चि. सौंदर्या,

तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं नसेल असं धरून पुन्हा लिहिते. मिळालं असेल आणि लिहायचं नसेल तरी वाच.

त्या दोन तांबूस काचांत आता काहीच दिसत नाही. बॅटरी कशीही धरली तरी नुसती खिडकीची काच. बाकीच्या नऊतल्या सहा तांबड्याकडे निघाल्यात. आज सकाळी तीनच हिरव्या होत्या. इथं पाऊस हटत नाही. मिठाच्या बरणीत पाणी सुटलंय, माचीसची काडी ओढली की गुल गळून पडतो. काचा कशाच्या तग धरतात?

मला तू समजावून सांगितलंस ते आठवतं तसं लिहिते, चुकलं तर हसू नकोस. पेठेच्या फुटबॉल टीमची फायनल होती तो दिवस. गल्लीतलं झाडून सगळं माणूस स्टेडियमवर. तू म्हणालीस, "अव्वा, आज कोण चालणार नाही, मोटरसायकल जाणार नाही, आता माझी मॅच." मागच्या खोलीत स्कूटरच्या ट्यूबांवर कडाप्पाची फरशी ठेवलेली, तिच्यावर लेसर, त्याच्यासमोर सरसाची, म्हणजे त्या जिलेटिनची काच आणि काचेच्या पाठीला आरसा. मला कोपऱ्यात पाटावर बसवलंस आणि म्हणालीस, जप मनात कर, ओठ हलवू नको.

मग तो निळा उजेड. काचेतून आत गेला आणि आरशावर आपटून परत आला. जाणारा आणि येणारा असे दोन उजेड त्या पातळ सरसात भेटतात, असं तू नंतर सांगितलंस. काही ठिकाणी दोघांची भर पडते, आणि काही ठिकाणी दोघं मिळून अंधार करतात. मी म्हटलं, उजेडात उजेड मिळवला तर अंधार कसा होईल? तू म्हणालीस, "वजाबाकी होते अव्वा. तू जमेतून खर्च वजा करतेस तशी." ते मला पटलं. भर पडते तिथं सरस कडक होतो, वजा होतो तिथं मऊ राहतो. चिरोट्याला पदर असतात तसे पदर धरतात, पण एका केसाच्या जाडीत तीन-चारशे. मग धुऊन, स्पिरिटात बुडवून वाळवलं की ते पदर आलेल्या उजेडातला एकच रंग निवडून परत पाठवतात. बाकीचा जाऊ देतात. आणि उजेड चालू असताना फरशी त्या एका पदराच्या अर्ध्यानं जरी हलली तरी सगळे पदर एकमेकांत मिसळून काच कोरीच निघते. म्हणून मी खोकलासुद्धा गिळला होता.

तुझी काच झाली, वाळली, हिरवी झाली, आणि तेवढ्यात हलगी वाजवत मिरवणूक आली. फटाक्यांनी भिंती हादरल्या. आप्पा दुकान बंद करून आले आणि दारातूनच विचारलं, "कोण जिंकलं?" तू काच नाचवत म्हणालीस, "मी!" ते हसले होते. त्यांनी ती काच हातात घेऊन ट्यूबलाईटकडे धरून बघितलीही होती. तेव्हा हाडाचं कुणाला माहीत नव्हतं.

तू त्या काचेवर तोंडाची वाफ सोडून दाखवलं होतंस. हिरव्याचं तांबडं झालं, आणि वाफ उडाल्यावर परत हिरवं. ओल शिरली की पदर फुगतात आणि लांब जातात, म्हणालीस. लांब गेले की रंग तांबड्याकडे सरकतो. फार लांब गेले की आपल्याला दिसतच नाही, आणि तसेच राहिले की मोडतात. म्हणजे आता तेच चाललंय. फक्त ही वाफ कोल्हापूरभर आहे आणि उडत नाही.

पार्सलातल्या पातळ काचा आणि डिंक त्या झाकायलाच आहे, एवढं मला कळतं. ट्यूबवरचं इंग्रजी अक्षर लावून वाचलं. तो डिंक वाळवायला कसलातरी दिवा लागतो. दिवा पार्सलात नाही. मी मॅट्रिकला शास्त्रात पास झालेली बाई, चुकीचा उजेड दाखवला तर? हात लावायची भीती वाटते आणि नुसतं बघत बसायचीही भीती वाटते.

ज्वारीत ठेवू की काढू? एवढं तरी.

अव्वा

---

१९ जुलै, शुक्रवार

चि. सौंदर्या,

उत्तर नाही. असो.

काचा ज्वारीतून काढल्या. ज्वारीला स्वतःलाच ओल धरलीय, ती काचांना काय कोरडं ठेवणार? मग मी तुझ्या आप्पांनाच विचारलं. सरळ नाही. जेवताना म्हटलं, "अवो, दुकानात कापूर, विभूती एवढ्या पावसात कोरडी कशी राहत्यात?"

"का?"

"पापड सादळलेत."

"चुनकळी ठेव. फडक्यात बांधून डब्याच्या तळाला, पापडाला शिवू द्यायची न्हाई. झाकणाला वरनं मेण लाव. आठवड्यात कडक हुत्यात." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "पापड कधी केलेस तू?"

केलेच नव्हते! या वर्षी उन्हाळाभर मागची खोली तुझ्याकडे, आणि गच्चीवर तुझ्या काचा वाळत होत्या. मी म्हटलं, केलेत थोडे. आता खोटं बोलले ते निस्तरायला बयाबाईकडून अर्धा किलो पापड विकत घेतले. ती म्हणते, "शिवम्मा, उभ्या जन्मात पहिल्यांदा तू इकतचा पापड घ्यायलीस. घरात काय लगीन निघालंय?" हा खर्च कुठल्या सदरात लिहावा ते कळेना. औषधपाण्यात लिहिला.

तेलाचा रिकामा डबा घासून, चुलीवर तापवून वाळवला. तळाला चुनकळी, म्हणजे न विझवलेल्या चुन्याचे खडे, वर ती पांढऱ्या खड्यांची पाकिटं, त्यावर तुझा खोका. झाकणाला मेण. पापडाचा डबा वेगळा, त्याच्या शेजारी.

सहाव्या दिवशी उघडलं. चार काचा हिरव्या. खऱ्या हिरव्या, सौंदर्या! बाकीच्या पिवळसर, म्हणजे परतीच्या वाटेवर आहेत असं मी समजते. पहिल्या दोन मात्र गेल्या त्या गेल्याच. मी देवापुढं साखर ठेवली. आप्पांनी विचारलं, कशाची साखर? म्हटलं, पापड कडक झाले. ते म्हणाले, "मग भाज की दोन." भाजले. खाल्ले. "बयाबाईच्या हातचे लागत्यात," म्हणाले. मी पाणी आणायला आत गेले.

कळावे.

अव्वा

---

२७ जुलै, शनिवार

चि. सौंदर्या,

तुझं कार्ड आलं. पाच ओळी. किती वेळा वाचलं ते लिहीत नाही.

'अव्वा, काचा आहेत हे खरंच वाटेना. सप्टेंबरमध्ये कमिटीपुढं ह्याच ठेवायच्या आहेत. तो लेसर बिघडला, दुसऱ्या करता येणार नाहीत. हात लावू नकोस, उघडू नकोस. माझी मैत्रीण क्रांती येऊन नेईल, ती नीट बंद करून पाठवेल. आप्पांना कळू देऊ नकोस.'

सगळं लिहिलंस त्याप्रमाणे. उघडलेला नाही, उघडणार नाही. 'मी येते' असं त्यात कुठं नाही हे बघितलं. पण काचा वाचल्या तर पदवी होईल, पदवी झाली तर राग उतरेल, असा मी माझ्यापुरता हिशोब मांडला आहे. तू हसशील.

क्रांतीचा बयाबाईच्या फोनवर फोन आला होता. गोड मुलगी आहे. "काकू, मी मलकापूरच्या कॉलेजात शिकवते, शनिवारी पहिल्या गाडीनं येते," म्हणाली. आजच शनिवार. पण रत्नागिरी रोडवर पाणी आलंय, एसटी बंद आहे. पंचगंगा धोक्याच्या वर आहे. आपल्या पेठेत पाणी नाही, काळजी नको. फक्त दूध उशिरा येतं आणि भाजीवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात.

क्रांती म्हणाली, "काकू, डबा नीट आहे ना?" म्हटलं, आहे. म्हणाली, "मग रस्ता उघडेपर्यंत आपल्या हातात काही नाही." असं सगळेच म्हणतात हल्ली.

आप्पांचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिते. संध्याकाळी दुकानातून आले की मागच्या खोलीच्या दारात उभे राहतात. आत जात नाहीत. तुझी कडाप्पाची फरशी अजून ट्यूबांवरच आहे. परवा मी बघितलं, एका ट्यूबेतली हवा गेली होती, ती त्यांनी पंपानं भरली. मी विचारलं, कशाला? "फरशी वाकडी झालती," म्हणाले. एवढंच.

अव्वा

---

६ ऑगस्ट, मंगळवार

चि. सौंदर्या,

सोबत आप्पांची चिठ्ठी आहे. ती आधी वाच. वाचून झाली की बाजूला ठेव आणि मग हे वाच.

काल श्रावणातला पहिला सोमवार. मी बेल घेऊन महादेवाला गेले होते. रांग मोठी होती. परत आले तर दार नुसतं लोटलेलं, आणि देवघरातून त्यांचा मंत्र ऐकू येत होता. रोजच्यापेक्षा मोठ्यानं. मला बरं वाटलं. महिनाभर त्यांचा आवाजच निघत नव्हता.

आत गेले. देवघरापुढं दोन पाट जोडून मांडले होते. त्यावर धुतलेलं पांढरं धोतर अंथरलं होतं. आणि धोतरावर तुझ्या काचा. अकराच्या अकरा, ओळीनं.

त्यांनी सगळ्यांवर तीर्थ घातलं होतं. शिंपडलं नव्हतं, घातलं होतं, बाळाला लिंगदीक्षा देताना घालतात तसं. आणि ओल्या विभूतीची तीन-तीन बोटं प्रत्येकीवर ओढली होती. काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. तो सरस ओला झाला की सायीसारखा मऊ होतो, हे तू मला सांगितलं होतंस. त्यांना कोण सांगणार?

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. ते वळले. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला लिहिता येत नाही. सौंदर्या, ते खूश होते.

"ये. बस," म्हणाले. "शनवारीच घावल्या मला. पापड बघाय गेलतो, दुसरा डबा उघडला."

मी म्हटलं, "मग बोलला न्हाईसा?"

"काय बोलू? तू लपवून ठेवलीस, मी तुला काय बोलू? दोन दिस इचार केला. काल जंगमस्वामींकडं जाऊन आलो. म्हणलं, स्वामी, असं असं हाय. पोरीची इद्या हाय पण हाडाची हाय. घरात चालंल का? तर स्वामी हासाय लागले. म्हणले, अण्णासो, मठात मृदंग वाजतोय त्याला काय केळीचं पान लावलंय? तो शंख फुकताय तो काय झाडाला लागतोय? मी म्हणलं, ते शुद्ध केलेलं असतंय. तर म्हणले, मग हेबी करा. तुमच्या मनाला पटंल तसं करा आणि पोरीला घरात घ्या."

"आणि तुमी हे केलासा."

"मग? नुसतं चालतंय म्हणून कसं चालंल? घरात घ्यायचं तर रीतीनं घ्यायचं. तुला न्हाई का माझ्या आईनं उंबऱ्यावर पाणी घालून आत घेतलं?" मग एक काच कडेनं, अगदी दोन बोटांनी उचलून मला दाखवली. "एकबी फुटू दिली न्हाई बघ. तिच्यावाणी कडंनं धरून केलंय समदं. ती तशीच धरायची न्हवं?"

तशीच धरायचीस. हे त्यांनी बघून ठेवलं होतं.

मी त्यांना काय बोलणार होते? तुम्ही लेकीचे चार महिने पाण्यात घातले, असं? ज्या माणसाला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही, ज्यानं स्वामींपुढं जाऊन हात जोडले, आणि स्वतःचं चाळीस वर्षांचं सोवळं गुंडाळून ठेवलं, त्याला? मी पदराच्या टोकानं एक काच टिपायला गेले तर त्यांनी हात धरला. "पुसू नको. आपसूक वाळू दे. शुभ असतंय."

वाळल्या. सावकाश, आपसूक. ते दुकानात गेल्यावर बयाबाईचा मोबाईल आणला आणि एकेक बघितली. बॅटरी वरून धरली, खालून धरली, तिरकी धरली. काही नाही. प्रत्येक काचेवर तीन बोटांच्या वाटा वाळून बसल्यात, हाताला लागतात. विभूती त्यात रुतलीय. एका काचेच्या कोपऱ्यात, जिथं त्यांनी चिमटीत धरली होती तिथं पाणी पोचलं नव्हतं. तिथं नखाएवढं हिरवं आहे. बाकी सगळं स्वच्छ आहे. आरपार दिसतं.

तू एकदा एक बिघडलेली काच परत पाण्यात, मग स्पिरिटात बुडवून रंग परत आणला होतास. म्हणून मी डबा परत चुनकळीवर लावून ठेवलाय. पण त्या काचेवर कुणाची बोटं फिरली नव्हती. ह्यांचं काय होईल ते मला कळत नाही. तुला कळत असेल. खोटी आशा दाखवायला मी लिहीत नाही, आणि आशा सोड म्हणायलाही माझ्याकडे काही नाही.

रात्री जेवून ते टेबलाशी बसले. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि मला वाचून दाखवली. "सौंदर्या, तुझ्या काचा घरात घेतल्या आहेत. सगळ्या नीट आहेत. फरशीपण नीट आहे. पाणी उतरलं की ये. स्टँडवर न्यायला येतो. आप्पा." मग म्हणाले, "बरं लिहिलंय न्हवं?" मी म्हटलं, बरं लिहिलंय. मग पाण्याबरोबर पित्ताची कॅप्सूल घेतली. माझ्यासमोर. "आता काय, हाडाचं घरात आलंच हाय," म्हणाले, आणि किती तरी दिवसांनी हसले.

आता ऐक. क्रांतीचा निरोप आलाय. पाणी ओसरतंय, बहुतेक पुढच्या शुक्रवारी पहिली एसटी सुटेल, ती लगेच येते. आप्पांना मी सांगितलं, काचा न्यायला मैत्रीण येणार आहे. लपवायचं काही राहिलंच नव्हतं. ते म्हणतात, "तिच्या हातात मी सोता देणार. एकेक काच उजेडात धरून दाखवून देणार. मागनं तक्रार नको." त्यासाठी दुकानातून बॅटरी आणलीय त्यांनी, नवी, सेल घालून. फडक्यात बांधून देवघरात ठेवलीय. त्यांच्या लेखी फुटली नाही ती काच नीट.

ते उजेडात धरतील आणि तिला दिसेल. चांगली मुलगी आहे, पण तोंडावर यायचं ते येईलच. आणि तिच्या तोंडाकडे बघत ते उभे असतील.

त्याआधी मी त्यांना सांगू का? सांगितलं तर हा माणूस पुन्हा उभा राहणार नाही, आणि तुझ्यासमोर तर नाहीच. आणि नाही सांगितलं तर परक्या मुलीसमोर कळेल. क्रांतीला आधीच गाठून गप्प राहा म्हणू? म्हणजे तू इथं येशील तेव्हा ते तुला काचांचं विचारतील, मग तुला खोटं बोलावं लागेल. तुझ्याच्यानं ते होणार नाही, ते मला कॅप्सूलच्या वेळी कळलंय. देवापुढं बसले तर देव काही बोलत नाही. मी तीन वेळा त्यांना हाक मारली आणि तीनही वेळा दुसरंच काहीतरी विचारलं.

नुकसान तुझं आहे. त्यामुळं हे ठरवायचा हक्क तुझा आहे, माझा नाही. रागावलीस तरी चालेल, येऊ नकोस, तेही मी सोसेन. पण शुक्रवारच्या आत मला एवढं सांग: त्यांना सांगायचं की नाही सांगायचं? बयाबाईचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे, पण तिच्यासमोर फोनवर मला बोलता येणार नाही. दोन शब्द लिहून पाठव. हे पत्र मी स्पीडपोस्टानं टाकते, तूही उलट टपाली तसंच टाक, पैशाचा विचार करू नकोस.

वाट बघते.

तुझी
अव्वा